धानाच्या गोदामातलं कोर्ट

खेळायला पैसे द्यायचे, ही गोष्ट भिलाईत तेव्हा कुणाला सांगून पटत नसे. टाऊनशिपच्या सेक्टरांमध्ये मैदानं होती, क्लब होते, आणि थंडीच्या संध्याकाळी जवळजवळ प्रत्येक गल्लीत दोन झाडांना दोरी बांधून कुणी ना कुणी बॅडमिंटन खेळत असे. पावर हाउस भागातल्या बाजारात एका ओळखीच्या कापडवाल्याजवळ आम्ही हा विषय काढला, तेव्हा कापड मोजता मोजता तो म्हणाला होता की आज जागेचं भाडं घ्याल, उद्या वाऱ्याचं घ्याल. पुढे हाच गृहस्थ सकाळी आम्ही दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसलेला असे.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद कुमुदताई. ऐंशीच्या दशकात जुनवानीच्या एका गोदामात आम्ही दोघींनी बॅडमिंटनचं कोर्ट तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. दहा-बारा वर्षं तो धंदा चालला, आणि चांगला चालला. गेल्या श्रावणात कुमुदताई गेली. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. मी मुळात सावकाश लिहिणारी बाई, आणि तिच्याबद्दल लिहायला बसलं की एखाद्या वाक्यानंतर उठावंच लागतं. या अंकासाठी म्हणून नेट धरला.

कुमुदताई माझ्या यजमानांची धाकटी बहीण. नागपूरला कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेली. पुढे लग्न झालं, काही वर्षं नांदली, मग सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं ते पुन्हा न्यायला आले नाहीत. आई-वडील होते तोवर ती नागपूरला राहिली, ते गेल्यावर आमच्याकडे आली. यजमान स्टील प्लांटमध्ये होते, आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. ती मला वहिनी म्हणे, मी तिला कुमुदताई, आणि बोलणं अगंतुगंचं. सकाळी मी उठायच्या आत तिने निम्मं घर आवरलेलं असे. त्याचा मला आराम होता आणि त्रासही. आपण इथे फुकट राहत नाही हे ती रोज नव्याने सिद्ध करत होती, आणि कुणीही तिला तसं करायला सांगितलेलं नव्हतं.

तशात त्या वर्षी काटोलहून निरोप आला. मोठे दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांचं तिथे किराणा दुकान होतं. जाऊबाईंना संधिवाताने उठवत नव्हतं, तेव्हा कुमुदला इकडे पाठवा, घराला बाई हवी आहे, असा तो निरोप. दादा वाईट नव्हते. एकटी बहीण भावांच्या घरी आळीपाळीने राहते, यात वावगं काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कुमुदताई त्या दिवशी कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "वहिनी, मले काटोलले नाही जायचं. तिथं गेली का मी मरेपर्यंत त्याच चुलीपुढं."

कोर्टाची कल्पना तिच्या डोक्यात आधीपासून घोळत होतीच. यजमानांनी मध्ये पडून दादांकडून मुदत मागून घेतली. संक्रांतीपर्यंत हिचं कोर्ट चालू लागलं, हिचा खर्च हिला भागवता आला, तर हिला इथेच राहू द्यायचं. नाही तर संक्रांत झाल्यावर दादा स्वतः येऊन घेऊन जातील. तेव्हा दसरा तोंडावर आला होता.

जुनवानी त्या काळी गावच होतं. टाऊनशिप संपली की शेतं लागत आणि त्यांच्या कडेला गाव. तिथल्या दाऊंनी, म्हणजे गावच्या मोठ्या शेतकऱ्याने, राइस मिल टाकायची म्हणून एक उंच, लांबरुंद शेड बांधून ठेवली होती. भावाभावांत वाटण्या झाल्या आणि मिल राहिली. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रे, खिडक्या पार वर छपराशी, आणि लांब भिंतीत एकच मोठं दार. कुमुदताई आत शिरली, मधोमध उभी राहिली, मान वर करून छताकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून नुसती हसली. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोर्ट म्हणजे जमिनीवरच्या रेघा. खरं कोर्ट वर असतं. शटल, ज्याला आम्ही फूल म्हणत असू, उंच गेलं पाहिजे आणि तिथे त्याला वारा लागता कामा नये. इतकी उंची आणि इतका बंद वारा उभ्या भिलाईत भाड्याने मिळणार नाही, हे तिला एका नजरेत कळलं होतं.

दाऊंना मात्र या बायका गोदामात काय करणार हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुमुदताईला ते नोनी म्हणत, म्हणजे छत्तीसगढीत मुलगी. भाडं ठरलं, तोंडीच, आणि दसऱ्याला आम्ही नारळ फोडला.

कामाची वाटणी आपोआप झाली. खेळाचं सगळं तिच्याकडे. नेट बरोबर उंचीवर ताणायचं, रेघा रंगवायच्या, दिवे नेटच्या वर न लावता दोन्ही बाजूंना लावायचे, नाही तर वर बघणाऱ्याचे डोळे दिपतात. फुलांची पिसं कोरड्या हवेत तटातट तुटतात म्हणून आदल्या दिवशी डब्यात ओलं फडकं घालून ठेवायची. आणि कोबा दिवसातून दोनदा ओल्या पोत्याने पुसायचा, कारण भिलाईत हवेतून जी बारीक धूळ बसते ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पाय घसरला की कळते. माझ्याकडे दाराशी ठेवलेलं टेबल. वेळ संपली की पितळी थाळीवर पळी मारायची. मी टेबलाशी पुस्तक घेऊन बसत असे. पुस्तक रंगात आलं की पळी राहून जाई, आणि माझ्या हातात जाडजूड कादंबरी दिसली की गिऱ्हाइकं खूश असत.

पहिली चूक पहिल्याच महिन्यात झाली. नागपुरात जसं चालतं तसं आम्ही प्रत्येक गटाला महिनाभराची ठरलेली वेळ दिली. दुसऱ्या आठवड्यात सकाळचे सगळे संध्याकाळी आले आणि संध्याकाळच्यांतलं कुणीच आलं नाही. आमची बरीचशी गिऱ्हाइकं आसपासच्या लहान कारखान्यांतली, आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. आमच्या घरातच पाळीचा माणूस असून हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं, याचं यजमान बरेच दिवस हसत. कुमुदताईने मग वेळ माणसाला न देता पाळीला दिली. तीन पाळ्यांचे तीन गट जोडायचे, पाळी फिरली की त्यांची वेळही तशीच फिरायची. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाचा तास बुडायचा नाही. पुढे आमचा धंदा ज्या एका गोष्टीवर उभा राहिला ती ही. आजही ती मला एखाद्या चांगल्या कवितेच्या बांधणीसारखी वाटते.

दुसरी आपत्ती दाऊंच्या मायेतून आली. दिवाळीला आम्ही दोन दिवस कोर्ट बंद ठेवलं. छत्तीसगढी घरात दिवाळीआधी लिपाई-पोताई, म्हणजे सारवण आणि चुना, झाल्याशिवाय लक्ष्मी येत नाही. दाऊंनी विचार केला असणार की नोनीचं दुकानही आपल्याच जागेत आहे. आम्ही भाऊबीज आटोपून दार उघडलं तर सगळं गोदाम आतून पांढरंशुभ्र. दाऊ मागे उभे होते, कौतुकाची वाट बघत. कुमुदताईने हात जोडून त्यांचे आभार मानले आणि ते गेल्यावर मटकन खाली बसली.

पांढऱ्या भिंतीवर पांढरं फूल दिसत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. खेळणाऱ्याला मागची भिंत काळसर, हिरवट, निदान मळकी लागते. आता फूल नेटवरून निघालं की मध्येच नाहीसं व्हायचं आणि एकदम नाकासमोर प्रकट व्हायचं. लोक हवेत रॅकेट फिरवू लागले. रेल्वेतले दोन गार्ड ड्युटीच्या मधल्या वेळात दुर्गहून येत, त्यांच्यातला एक म्हणाला की आमच्या इथे धुक्यात सिग्नल दिसत नाही तेव्हा निदान रुळावर फटाके तरी लावतात. लक्ष्मीसाठी दिलेला चुना लगेच खरवडणं शक्य नव्हतं, आणि एवढ्या भिंतींवर पडदे लावणं आम्हाला परवडणारं नव्हतं. गिऱ्हाइकं गळू लागली. कुमुदताई घरी येऊन थेट पोळ्या लाटायला बसू लागली, तेव्हा मला काटोलची चूल दिसू लागली.

आणि अगहन तोंडावर आला, म्हणजे आपला मार्गशीर्ष. एका सकाळी दाऊ टेबलापाशी येऊन उभे राहिले. नेहमीसारखे बसले नाहीत.

"नोनी, धान आवत हे," ते म्हणाले. "जगा खाली करे बर परही."

धान येतं आहे, जागा रिकामी करावी लागेल. त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. गोदाम धानाचं. धान शेतात असेतोवर बायका खेळ मांडून बसल्या तर बसल्या. धान विकलं गेलं की फागुनात पुन्हा या. पण बॅडमिंटनचा हंगाम थंडीचा, आणि संक्रांत फागुनाआधी येते.

कुमुदताईने त्यांना एक दिवस थांबायला सांगितलं. दुपारभर ती त्या रिकाम्या गोदामात फिरत राहिली. कोर्टाच्या दोन्ही टोकांना, मागच्या रेघेपासून भिंतीपर्यंत, बरीच जागा उरत होती. संध्याकाळी ती दाऊंच्या अंगणात जाऊन बसली. पोती कोबाभर पसरवू नका, दोन्ही टोकांच्या भिंतींना लावून उंच थप्प्या रचा, वाटलं तर भाडं वाढवून घ्या, असं तिने सुचवलं. मी शेजारी होते. तिला जागा वाचवायची आहे एवढंच मला वाटलं. परतताना म्हणाली, "वहिनी, पोत्यायचा रंग कोणता?" आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

दाऊ तयार नव्हते. अडचण जागेची नव्हती. धान म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीसमोर जोडे घालून लोक उड्या मारणार, हे त्यांच्या म्हाताऱ्या आईला चालणार नव्हतं. तिला सगळं गाव दाई म्हणे, म्हणजे आई. घरात शेवटचा शब्द दाईचा. दाईने बरेच प्रश्न विचारले, कुमुदताईच्या तळहाताचे घट्टे चाचपून पाहिले, आणि अट घातली. बाहेरचा जोडा आत यायचा नाही. धानाचा अपमान एकदा जरी झाला, तरी दुसऱ्या दिवशी जागा रिकामी.

पोती आली. ज्यूटच्या पोत्यांची तपकिरी भिंत दोन्ही टोकांना पुरुष-दोन पुरुष उंच उभी राहिली, आणि तिच्यापुढे फूल असं दिसू लागलं, जसं काळ्या पाटीवर पेन्सिलीचं अक्षर. धानाने आवाजही गिळला. पूर्वी पत्र्यांत घुमणारं गोदाम आता शांत झालं, रॅकेटचा टणत्कार तेवढा स्वच्छ ऐकू येई. जोडे बाहेर राहिले म्हणून कोबाही स्वच्छ. लोक अनवाणी खेळत, नाही तर वेगळे कॅनव्हासचे बूट आणून इथेच ठेवत. मोठ्या शहरांतल्या हॉलमध्येही खेळायचे बूट वेगळे ठेवायचा नियम असतो, हे मी फार पुढे वाचलं. आमच्याकडे तो दाईने घातला.

उंदीर वाढले, हेही सांगितलं पाहिजे. एकदा डब्यातल्या फुलांची पिसं त्यांनी खाल्ली.

आता देशकर साहेबांविषयी. त्यांचा एक लहानसा ओतकामाचा कारखाना होता. मूळचे अमरावतीकडचे, शिस्तीचे, उत्तम खेळणारे. सकाळची पहिली वेळ त्यांच्या चौघांच्या गटाची, वेळेच्या आत हजर, पैसे आगाऊ. त्यांच्यामुळे त्यांच्या ओळखीचे आणखी दोन गट येत. ते गेले तर निम्मा धंदा जाईल, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही.

अगहनातल्या पहिल्या गुरुवारी आम्ही दोघी पोहोचलो तेव्हा दार उघडंच होतं. गुरुवारी आपल्याकडे जशी महालक्ष्मी मांडतात, तशी तिथेही मांडतात, आणि भल्या सकाळी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने लक्ष्मीची पावलं काढतात, उंबऱ्यापासून थेट धान जिथे असेल तिथपर्यंत. दाईच्या सुनांनी ती काढली होती. दारातून निघून कोर्टाच्या एका बाजूच्या अर्ध्या भागातून तिरकी, मागच्या पोत्यांपर्यंत. लहान लहान, जोडीने, आणि फार सुरेख. दाई दाराजवळ गोणपाटावर बसली होती.

देशकर साहेब आले, कोर्टाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुमुदताई, हे काय आहे?"

"आज अगहनचा गुरुवार आहे, साहेब. लक्ष्मीची पावलं."

"छान आहेत. पुसून घ्या. तास सुरू झालाय."

"रांगोळी असती तर मीच पुसली असती," कुमुदताई म्हणाली. "ही दाऊंच्या घरची पूजा आहे. संध्याकाळपर्यंत राहू द्या. आजचा तास तुम्हाला उद्या देते."

"उद्या माझा तास आहेच," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "मी भाडं कोर्टाचं देतो, देवघराचं देत नाही. असं असेल तर आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल."

बाकीचे तिघे बूट हातात घेऊन उभे. दाईला मराठी येत नव्हतं, पण कुणाची नजर कुठे आहे ते तिला पुरेसं कळत होतं. पावलं पुसली तर गोदाम गेलं, साहेब गेले तर धंदा गेला. दोन्हींच्या शेवटी काटोलच होतं. मी पुस्तक मिटलं.

कुमुदताईने कोपऱ्यातली रॅकेट घेतली आणि साडीचा काष्टा मारला.

"साहेब, तास तुमचा आहे. खेळा," ती म्हणाली. "पण एकेरी, माझ्याशी, एक गेम. पावलं हायेत त्या बाजूला मी. बाजू बदलायची नाही. माझा पाय एका जरी पावलावर पडला, तर हातानं पुसून देते सगळी."

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. तिची चाळिशी जवळ आली होती. मग त्यांनी बूट चढवले.

मी खेळातली नाही. तो गेम मला गुण मोजत सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की पहिले काही गुण साहेब जपून खेळले, बहुधा संकोचाने. मग कुमुदताईने एक फूल नेटजवळ असं अलगद टाकलं की त्यांना पळूनही मिळालं नाही, आणि त्यांचा संकोच गेला. ते हुशार खेळाडू होते. त्यांनी प्रत्येक फूल पावलांच्या कोपऱ्यात मारायला सुरुवात केली. कुमुदताई खाली पाहत नव्हती. खाली पाहिलं तर फूल कसं दिसणार? तिची नजर वर आणि अनवाणी पाय आपापले पावलांच्या मधून वाट काढत होते, कधी चवड्यावर, कधी एका पायावर गिरकी घेऊन. काही फुलं तिने सोडून दिली. हात पोहोचला असता, पण पाय टेकवायला जागा नव्हती. एकदा ती मागे झुकून एका पायावर तशीच तोलून उभी राहिली, दुसरा पाय हवेत, त्याच्या खाली बरोबर एक पाऊल. तिने पाय शेजारी टेकवला आणि फूल सोडून दिलं.

ती हरली. थोडक्यात, पण हरली. साहेब नेटखालून वाकून तिच्या बाजूला आले. उंबऱ्यापासून पोत्यांपर्यंत एक एक पाऊल बघत गेले. एकाचीही कड मोडली नव्हती.

दाई गोणपाटावरून उठली, सुनेकडे वळून म्हणाली, "लछमी के पांव ला नइ खुंदिस." लक्ष्मीची पावलं तिने तुडवली नाहीत. आणि हळूहळू घराकडे चालू लागली. साहेबांनी घाम पुसला, आम्हा दोघींना नमस्कार केला, आणि बाकीचे तिघे न खेळताच त्यांच्या मागोमाग गेले. काय समजायचं ते आम्हाला कळेना.

दुपारी दाऊंकडून दोन ताटं आली, प्रसादाच्या भाताची. जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. साहेब राहणार की जाणार, हे मात्र कळेना. शुक्रवारी ते आले, खेळले, गुरुवारबद्दल अक्षर काढलं नाही. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी त्यांची वाट पाहत होतो, तोंडाने तसं म्हणत नव्हतो इतकंच. ते वेळेच्या आधी आले. दारातच विचारलं, "आज पावलं कुठल्या बाजूला आहेत?" मी दाखवली. साहेब आपण होऊन त्या बाजूला जाऊन उभे राहिले.

त्यांना जमलं नाही. पहिल्या काही मिनिटांतच टाच पडली, आणि एवढा शिस्तीचा माणूस दाईपुढे कान पकडून उभा राहिला. दाईने सुनेकडून ते पाऊल पुन्हा काढून घेतलं आणि हाताने खूण केली, चालू द्या. त्या दिवसापासून अगहनातल्या गुरुवारची वेळ मिळवायला आमच्याकडे भांडणं होऊ लागली. पावलांच्या बाजूला खेळून पाय न पडू देणं ही भिलाईतल्या खेळणाऱ्यांत एक पैज होऊन बसली. सेक्टरांतल्या बायका बघायला म्हणून आल्या आणि दुपारची वेळ मागू लागल्या. पदर खोचून, बांगड्या मागे सारून खेळत. एका घराने तर मुलगी दाखवायचा कार्यक्रमच कोर्टावर ठेवला. मुलीने मुलाला सरळ दोन गेम हरवलं, आणि मुलाच्या आईने पोहे न खाताच होकार दिला. पहिल्यांदा वाऱ्याच्या भाड्यावरून टोमणा मारणारा कापडवाला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आला, एकट्यानेच. त्याला जोडीदार नको होता, कुणी हसायला नको होतं. कुमुदताई त्याला समोरून फुलं देत राही आणि तो घामाघूम होत राही. वर्षभराने त्याची पँट पट्ट्याशिवाय राहीना.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दादा आले. स्टेशनवरून थेट आमच्याकडे आले, कुमुद घरी नाही म्हटल्यावर मला म्हणाले, चल, दाखव ते काय आहे. आम्ही रिक्षाने जुनवानीला गेलो. चार जण खेळत होते, चार जण बाकावर थांबले होते, कुमुदताई कुणाच्या तरी रॅकेटची तार बघत होती. दादांनी जोडे बाहेर काढले. मी काही सांगायच्या आधीच काढले, समोर धान दिसलं म्हणून. बाकावर त्यांना जागा करून दिली गेली.

"सामान बांधलं का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

कुमुदताईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "दादा, जरा बसा. मले अंधार पडेपर्यंत उठता येत नाही. लोकं थांबून राहिले."

दादा बसले. पुष्कळ वेळ बसले. एकदा फूल त्यांच्या पायाशी येऊन पडलं, ते त्यांनी उचलून, पिसं फुंकून परत दिलं. खेळ बघता बघता त्यांनी शेजारच्या माणसाला विचारून घेतलं की तुम्ही याचे खरंच पैसे देता का? तो म्हणाला, देतो, आणि वेळ मिळत नाही म्हणून भांडतोही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना यजमानांना म्हणाले की काटोलला एक बाई बघून द्यायला तुझ्या वहिनीच्या माहेरच्यांना सांगतो, मी एवढ्या मोठ्या धंद्यातून हिला उठवून नेऊ शकत नाही. रागाने म्हणाले की कौतुकाने, हे आमच्यात पुढे वर्षानुवर्षं ठरलं नाही. कुमुदताईच्या मते दोन्ही.

एक खंत आहे. ती कुणाला शिकवायला बसली नाही. तिच्या हातून एखादा मोठा खेळाडू घडला असता, असं देशकर साहेब नेहमी म्हणत. पण तिला दिवसभर कोर्ट चालवायचं होतं, आणि मला वाटतं, पायाखालची जमीन आपली आहे याची खात्री होण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. नव्वदच्या दशकात दाऊ गेले, मुलांनी जमिनी विकल्या, गोदामाच्या जागी कॉलनी उभी राहिली. तोवर कुमुदताईने आपल्या म्हातारपणाची सोय करून ठेवली होती. शेवटपर्यंत कुणापुढे तिला हात पसरावा लागला नाही. हॉस्पिटलातही खाटेवर बसून ती नर्सला सांगत होती की खिडकी बंद कर, वारा येऊन राहिला.

त्या पहिल्या वर्षी चैत्रात तिने जुनवानीत, दाऊंच्याच आळीत, एक खोली भाड्याने घेतली. पुढच्या रविवारी दुपारी आमची बेल वाजली. यजमान ड्युटीवर होते. मी दार उघडलं तर समोर कुमुदताई, स्वच्छ इस्त्रीची साडी, हातात कलिंगड. इतकी वर्षं ती मागच्या दाराने, हात पुसत आत येई. बेल तिने कधी वाजवली नव्हती. आत येऊन खुर्चीवर बसली. मी स्वयंपाकघरात गेले, तरी ती उठून मागे आली नाही. मी पाणी आणून दिलं, तिने पाहुण्यासारखं घेतलं.

"जेवायला थांबशील ना?" मी विचारलं.

"थांबते," ती म्हणाली. "पण ऊन उतरलं का निघीन वो वहिनी. घरी कपडे वाळत घातले हायेत."